पांढरी पाच

“घाई करू नका. एकेक पट्टी वाजवून बघा. जुनी वस्तू आहे, तिचं दुखणं ती आपणहून सांगत नाही.”

नझीरभाईंचा तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. मऊ, थोडा घोगरा, पानावर बसलेल्या पाहुण्याला आग्रह करावा तसा. म्हसळ्याला त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही बसलो होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ दत्तू. समोर पलंगावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड. तान्ह्या पोराचं दुपटं सोडवावं तशी नझीरभाईंनी ती चादर सोडवली.

नझीरभाई मस्कतला होते. आठवडाभर गोदामात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या लग्नांत वाजवायचे. आता कायमचे गावी परतले होते. वाजवणारे सोबती तिकडेच राहिले, एकट्यानं कुणासाठी वाजवायचं, म्हणून विकायला काढला.

“एसीत वाढलीय ही,” ते कीबोर्डवरून हात फिरवत म्हणाले. “आपल्याकडची खारी हवा हिच्या अंगाला लागलेली नाही. पट्ट्यांखालचं रबर अजून लोण्यासारखं आहे. दाबून बघा.”

दत्तूनं दाबलं आणि त्याचा चेहराच उजळला. एक बटण, आणि खोलीत ढोलकी सुरू झाली. दुसरं बटण, खंजिरी. डाव्या हाताचं बोट त्यानं नुसतं टेकवलं, तर मागून अख्खा ताफा उठून उभा राहिल्यासारखं वाजायला लागलं.

“ताई, ऐकतेस ना? एवढी माणसं आपल्या टेम्पोत मावली असती का?”

मी हसले. माझ्या मांडीवर रुमालाची पुरचुंडी होती. आईच्या पाटल्या मोडून आणलेले पैसे तिच्यात होते. हळदीच्या नि लग्नाच्या सुपाऱ्या घेणारी आमची छोटी पार्टी. आमच्या वडिलांची, अप्पांची पेटी, सोमाकाकांची ढोलकी आणि माझा गळा, एवढ्यावर बरीच वर्षं निभलं होतं. पण आता सुपारी द्यायला येणारा माणूस चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी विचारायचा, “कीबोर्ड आहे ना?” नवा आम्हाला परवडणारा नव्हता. मग आई गेल्यावर माझ्याकडे आलेल्या तिच्या पाटल्या मीच काढून दिल्या. आईचंच गाणं मी गात होते, तेव्हा तिचं सोनं गाण्यावर जाण्यात मला वावगं काही वाटलं नाही.

दत्तू काळी एकमध्ये वाजवत होता. आम्हा गाण्यावाजवण्याच्या लोकांत माणूस पट्टीवरून ओळखतात. दत्तूची काळी एक, माझी पांढरी पाच. मी लहान असताना अप्पांनी मांडीवर घेऊन, माझं बोट धरून पेटीवर दाखवलं होतं. “ही पांढरी पाच, बाय. हा तुझा सा. इथनं दोन पांढऱ्या पुढं गेलीस की पांढरी सात. हा तुझा गंधार. आणखी वर चढलीस की वरची पांढरी तीन, तो धैवत. या दोन ठिकाणी तू राणी. बाकी सगळीकडं परजा.”

“दत्तू,” मी पुटपुटले, “माझ्या पट्टीत वाजव ना एकदा.”

पुटपुटले म्हणजे खरंच पुटपुटले. त्या वर्षी माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. मानेवर आडवा व्रण होता, त्यावरून मी कायम पदर घ्यायची. गाठ साधी निघाली, पण आवाज परत कसा येईल ते डॉक्टर नक्की सांगेनात. “जपून वापरा,” एवढंच म्हणाले होते. गावात मात्र सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. विहिरीवर बायका माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघायच्या नाहीत, मानेकडे बघायच्या.

“ताई म्हणतात ते वाजवा की,” नझीरभाई म्हणाले.

दत्तू हसला. “अहो, पट्टी बदलली म्हणून काय होतंय? यंत्र आहे हे. सगळ्या पट्ट्या सारख्याच.”

मलाही हट्ट धरवला नाही. माझी पट्टी म्हणायला माझा गळा जागेवर आहे की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

“अर्धा तास बसा तरी,” नझीरभाई म्हणाले. “हिच्यात बरंच काय काय आहे. समजावून देतो.”

“येतं मला सगळं,” दत्तू म्हणाला आणि चादर गुंडाळायला लागला.

नझीरभाईंनी एकदा कीबोर्डकडे पाहिलं. मग त्यांनी अडाप्टर आणून दिला, त्याची वायर बोटांवर नीट गोल करून. “बरकत होऊ दे,” म्हणाले.

घरी अप्पा पडवीत बसले होते. आम्ही कीबोर्ड आत नेला तेव्हा त्यांनी पायसुद्धा बाजूला घेतले नाहीत.

“आली का मस्कतची नवरी?”

“अप्पा, बघा तर खरं.”

“काय बघायचंय? हिला भाता कुठाय? भात्याशिवाय श्वास घेणार कशी ही?”

सोमाकाका ढोलकीला शाई लावत बसले होते. त्यांनी दत्तूकडून कीबोर्डमधल्या ढोलकीचा ताल ऐकला, मान डोलावली, आणि म्हणाले, “बेस वाजवतो रे तुझा हा पोऱ्या. चहाला पैसे पण मागत नाय.” आम्ही सगळे हसलो. अप्पा हसले नाहीत. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि त्याचा उपयोग ते नको ते न ऐकण्यासाठी करायचे.

काशिनाथशेठच्या मुलीची हळद होती. काशिनाथशेठ म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. त्यांच्या अंगणात जी पार्टी वाजली तिला पुढचं सगळं साल सुपारीची वाट बघावी लागत नसे. त्यांची आई, म्हातारी भागीआजी, तिनं स्वतः निरोप धाडला होता, “कुंदाचं हळदीचं गाणं पायजे. तिच्या आयशीनं माझ्या काशिनाथच्या हळदीत गायलं होतं.” गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी पहिल्यांदाच माणसांत उभी राहून गाणार होते. तिथं आवाज लागला तर मी गाणारी. नाही लागला तर विहिरीवरच्या बायका खऱ्या.

तोवरच्या तालमींत मी गायले नाही. गळा जपत होते. दत्तू त्याची नाचाची गाणी बसवायचा, सोमाकाका साथ करायचे. आई ज्या चुलीपुढे गाणं गुणगुणायची, त्याच चुलीपुढे मी ते मनातल्या मनात म्हणायची. ओठसुद्धा हलवायची नाही.

हळदीच्या गाण्यात फार काही नाही. दोन-दोन ओळींची कडवी.

हळदीच्या वाटीत गं ऊन कुणी कालविलं,
आईनं लेकीला गं डोळ्यांनीच बोलाविलं.

‘ऊन’ म्हणताना सूर गंधारावर जाऊन उभा राहतो. उभा म्हणजे अगदी उन्हात उभं राहावं तसा, सावलीला न जाता. आणि ‘डोळ्यांनी’ला धैवत. आई म्हणायची, त्या दोन जागा नीट लागल्या तर गाणं आहे. नाहीतर नुसती हळद.

काशिनाथशेठच्या अंगणात उन्हं उतरत होती. मांडवाच्या खांबांना केळीचे खुंट बांधले होते. नवरी पाटावर, भोवती बायका, मागे पुरुष, सगळ्यात मागे खुर्च्यांवर शेठ आणि त्यांचे पाहुणे. आम्हाला एका कडेला लाकडी फळ्यांचं स्टेज दिलं होतं. दत्तू आणि कीबोर्ड स्टेजच्या त्या टोकाला, स्पीकरच्या ढिगाजवळ. मी या टोकाला, माइकपाशी. माझ्या पायाशी सतरंजीवर अप्पा पेटी घेऊन बसलेले. पेटीला माइक नव्हता. “राहू द्या हो अप्पा,” दत्तू म्हणाला होता, “कीबोर्ड आहे ना. तुम्ही ताईपुरतं वाजवा.” स्पीकर लोकांकडे तोंड करून. कीबोर्डचा सूर आधी त्यांच्याकडे जायचा, आमच्याकडे यायचा तो पाठमोरा, ढोलकीत मिसळून.

अप्पांनी भाता उघडला आणि पांढरी पाच धरली. खाली वाकून मी तो सा घेतला. घेतला आणि मला रडूच आलं, कारण तो आला होता. तळ्याचं पाणी खालून वर यावं तसा. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हळदीच्या वाटीत गं…”

भागीआजीनं मान डोलावली. बायका हसल्या. दत्तूनं मागून ताल उचलला, सूर माझ्याबरोबर घेतला.

“…ऊन कुणी…”

आणि काहीतरी झालं. मी गंधारावर उभी राहिले, आणि समोरच्या बायकांचे चेहरे बदलले. ताकात माशी पडलेली दिसावी तसे. एका पोरीनं दुसरीच्या खांद्यात तोंड लपवलं. मला वाटलं, घाबरल्यानं झालं असेल. पुढं गेले. ‘डोळ्यांनी’वर परत तेच. ढोलकीच्या मागून, स्पीकरमधून काहीतरी आंबट अंगणभर पसरत होतं आणि त्याच्या मध्यभागी माझा आवाज होता. नवरीच्या गालाला हळद लावणारा हात तसाच थांबला.

“थांब गं बाय,” भागीआजी म्हणाली. ती इतक्या मायेनं म्हणाली की मला फळ्यांखाली जावंसं वाटलं. “घसा बसलाय तुझा. ऊन पाणी पी. पुन्यांदा म्हण.”

कुणीतरी तांब्या आणला. सगळं अंगण मला पाणी पिताना बघत होतं. घोट गिळताना पदर सरला आणि मानेवरचा व्रण उघडा पडला असणार, कारण समोरच्या बायकांनी एकदम नजरा खाली घातल्या.

पुन्हा म्हटलं. पुन्हा गंधार. पुन्हा तेच. या वेळी मागच्या पुरुषांतून कुणीतरी हळूच चुकचुकलं. शेजारी बसलेल्या माणसाकडे वळून काशिनाथशेठ काहीतरी म्हणाले आणि त्या माणसानं हात हलवला, आता काय करणार, अशा अर्थानं.

मी थांबले. सोमाकाकांचा हात ढोलकीवर तसाच राहिला.

आणि अप्पा उठले.

त्यांच्या धोतराचा सोगा पेटीच्या भात्यात अडकला, तो त्यांनी हिसकून सोडवला आणि माझ्या समोरचा माइक हातात घेतला. अप्पा आयुष्यात माइकवर कधी बोलले नव्हते.

“पोर सुरात हाय,” ते म्हणाले. आवाज स्पीकरमधून इतका मोठा आला की ते स्वतःच दचकले. “माझ्या पेटीवर ऐकलंय मी. पोर सुरात हाय. तुमाला कुणाला कान नायत.”

मग मागून एक तरुण आवाज आला, “आप्पा, डावा कान का उजवा?”

सगळं अंगण हसलं. बायकासुद्धा. नवरीसुद्धा हळदीच्या हातांनी तोंड झाकून हसली. वाईट हसू नव्हतं ते. लग्नघरातलं हसू होतं, कुठंतरी फुटायचंच असतं. पण अप्पा माइक धरून तसेच उभे होते, आणि ओठ हलवत होते, आणखी काही सांगायला. “त्या…” एवढंच आलं स्पीकरमधून. “त्या तिकडं…”

मी माइक त्यांच्या हातातून काढून घेतला.

“अप्पा, बसा खाली,” मी म्हणाले. “तुम्हाला काही ऐकू येत नाही. उगाच माझी शोभा करताय.”

माइक माझ्या हातात होता. म्हणजे हे सगळ्यांनी ऐकलं.

अप्पा बसले. आधी एक हात टेकला, मग गुडघा, मग बसले. पेटीचा भाता त्यांनी बंद केला आणि वर आपलं उपरणं घातलं, पिंजऱ्यावर घालतात तसं.

दत्तू त्या टोकाला खाली बघत उभा होता, पट्ट्यांकडे. मग त्यानं एकदम मान वर केली, ताल बदलला आणि आपल्या टोकाचा माइक ओढून स्वतःचं गाणं सुरू केलं, काळी एकमधलं, नाचाचं. पोरं उठली. बायकांनी टाळ्या धरल्या. तो कीबोर्ड कसा वाजला त्या संध्याकाळी! एकही सूर इकडचा तिकडे नाही. अंगण नुसतं उसळत होतं. त्यामुळे तर शंकाच उरली नाही. वाद्य चोख होतं. खराब झाला होता तो माझा गळा.

आम्ही टेम्पोतून परत निघालो. सोमाकाका एकदाच म्हणाले, “होतं गो बाय, कधी कधी.” अप्पा पेटी मांडीवर घेऊन बाहेर बघत होते.

त्यानंतर मी गायले नाही.

दत्तूची पार्टी चालायला लागली. लोक त्याचंच नाव घेऊन सुपारी द्यायला येत. त्याच्या आवाजाला कुणी फार नावाजत नसे, पण नाचायला आवाज कशाला लागतो? मी माणगावला शिवणाचं दुकान टाकलं, तिथंच राहिले. लग्नसराईत नवरीची ब्लाउजं माझ्याकडे येत. कापड कापताना दूरवरून कुठल्यातरी मांडवातला स्पीकर ऐकू आला की मी मशीन जोरात चालवायची.

सणावारी गावी जायची. संध्याकाळी अप्पा पडवीत पेटी काढून बसायचे. कुणासाठी नाही, कुठलं गाणं नाही. भाता उघडायचे आणि एक पट्टी धरून ठेवायचे. पांढरी पाच. नुसती पांढरी पाच, श्वास संपेपर्यंत. मग पुन्हा. आणि आत दाराकडे बघायचे.

मला ते सहन व्हायचं नाही. मला वाटायचं, मी काय घालवलं याची आठवण करून देतायत. किंवा त्या संध्याकाळी मी त्यांना जे बोलले त्याची. मी उठून मागच्या दारी जायची, भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच घासायची.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “दत्त्या बोलला ना गो तुझ्याशी?”

तेव्हा घरात दत्तूच्या लग्नाचं चाललं होतं, निजामपूरकडची मुलगी बघितली होती. मला वाटलं, त्याबद्दलच.

“हो, बोलला.”

अप्पांनी घास हातातच धरला. “मग?”

“मग काय? बरं झालं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नजर मला नीट आठवते, कारण मला तिचा अर्थ लागला नव्हता. रुसलेल्या मुलानं आईकडे बघावं तशी होती. मग त्यांनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावत बसले. पुढं काही विचारलं नाही. पण पांढरी पाच काही त्यांनी सोडली नाही. शेवटच्या दिवाळीला भाता ओढायला हात चालेना, तर दत्तूच्या बायकोला भाता मारायला सांगून ते नुसतं बोट ठेवून बसले होते. मी तेव्हाही मागच्या दारी होते.

अप्पा गेले. सोमाकाकाही गेले. बरीच वर्षं झाली.

परवाच्या पाडव्याला गावी गेले, तर दत्तूनं कीबोर्ड विकायला काढला होता. तोच. त्याला आता नवा घ्यायचा होता. गोरेगावची एक मुलगी बघायला येणार होती, शर्वरी नावाची. बायकांची पार्टी काढली होती तिनं. मी मुद्दामच आत बसले होते, पण चहा घेऊन बाहेर यावंच लागलं.

मुलगी मोठी हुशार. घाई नव्हती तिला. आपला हेडफोन बरोबर आणला होता. आधी एकही ताल लावला नाही. खालच्या टोकापासून एकेक पट्टी हळू दाबली, मग तीच जोरात, मग धरून ठेवली. पडद्यावरची अक्षरं उन्हात धरून पाहिली. अडाप्टरची वायर हलवून पाहिली. मला म्हसळ्याची माडी आठवली. मी ट्रे ठेवला आणि तिथंच बसले.

“दादा, हा गल्फचा मॉडेल ना?” तिनं विचारलं.

“हो. मस्कतहून आलेला.”

“मग अरबी सुरांचं सेटिंग असेल यात.”

दत्तूनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्याकडे वाकला.

“आहे. हे बघा, हे बटण. त्यांच्या गाण्यांत काही सूर थोडे उतरलेले लागतात, म्हणून दिलंय. चुकून चालू राहिलं तर दोन पट्ट्या पाव सुरानं खाली जातात. बाकी सगळं नीट वाजतं, माझ्या काळी एकमध्ये तर त्या लागतच नाहीत, त्यामुळे कळत नाही. स्टेजवर जायच्या आधी हे नेहमी बघा.”

“कुठल्या दोन?”

दत्तू अडाप्टरची वायर गोल करायला लागला.

“दादा? कुठल्या दोन पट्ट्या?”

“पांढरी तीन,” तो म्हणाला. “आणि पांढरी सात.”

शर्वरीनं हेडफोन काढला, बटण दाबलं आणि वाजवून पाहिलं. पांढरी पाच. मग दोन पांढऱ्या पुढं. त्या अंगणातला तो आंबट सूर आमच्या पडवीत पसरला. तिनं तोंड वाकडं केलं, हसली, बटण बंद केलं आणि परत वाजवलं. गंधार उन्हात उभा राहिला.

“छान ठेवलाय दादा तुम्ही,” ती म्हणाली. व्यवहार झाला. तिच्याबरोबर आलेल्या माणसानं कीबोर्ड रिक्षात ठेवला. मी त्याला नझीरभाईंची ती पांढरी चादर गुंडाळून दिली. हात कसे चालत होते कोण जाणे.

रिक्षा वळणापलीकडे गेली. दत्तू पडवीच्या पायरीवर बसला. कोपऱ्यात अप्पांची पेटी होती, उपरण्याखाली. मी तिच्याजवळ उभी राहिले.

“तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी.” तो अंगणाकडे बघून बोलत होता. “तू झोपली होतीस. अप्पा पेटी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. पेटीची एक पट्टी, मग कीबोर्डची एक. पेटीची एक, याची एक. पांढरी तीनला थांबले. सातला थांबले. मला म्हणाले, हे काय हाय ते शोध. मी सगळी बटणं दाबून बघितली. सापडलं.”

“आणि?”

“आईच्या पाटल्या होत्या ताई त्यात. आणि तू म्हणाली होतीस, माझ्या पट्टीत वाजव. मी हसलो होतो.” त्यानं पायरीवरची काडी उचलली. “आणि आदल्या रात्री काशिनाथशेठनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला होता.”

उपरण्याचं टोक हातात धरून उभी होते. वरची बाजू उन्हानं विरली होती.

“अप्पा म्हणाले, आत जा आणि तिला सांग. आत्ता सांग. मी आत आलो. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी तुझ्या उशाशी उभा राहिलो, ताई. बराच वेळ राहिलो. मग बाहेर आलो.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आवाज बोटांतून आला.

“अप्पांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हणालो, सांगितलं. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, तुला ठाऊक आहे.”